मागे साठ पॅसेंजर उभे आहेत

मुलुंडहून निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी एकच विचारलं, "रेडिएटरात काय आहे?"

मी म्हटलं, पाणी. आमचा गॅरेजवाला झाकण उघडतो, नळाची बाटली रिकामी करतो आणि बॉनेट आपटतो. मुंबईत त्याने काही बिघडलं नव्हतं. बाबा अठ्ठावीस वर्षं बेस्टची बस चालवून वडाळा डेपोतून रिटायर झाले. बर्फ त्यांनी पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर. पण म्हणाले, "काचेची बाटली फ्रीझरमध्ये विसरलीस की काय होतं? तेच इंजिनाचं होईल." मग सगळं पाणी काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. जानेवारीत मनालीला गाडी न्यायची हौस आमचीच, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं.

चार दिवसांत जवळजवळ दोन हजार किलोमीटर झाले. मनालीच्या पुढे पलचानला पोलिसांनी अडवलं. ताजा बर्फ पडला होता, फोर बाय फोर (चारही चाकं ओढणाऱ्या) नाहीतर घसरू नये म्हणून चाकांना लोखंडी चेन लावलेल्या गाड्याच सोडत होते. चेन भाड्याने मिळते. आमची हॅचबॅक पुढची चाकं ओढणारी, म्हणून चेन पुढे. नवरा ती मागच्या चाकांना लावायला निघाला होता, चेनवाला पोरगा हसला.

अटल बोगदा २०२० मध्ये उघडला, ९.०२ किलोमीटरचा. आत रस्ता कोरडा, तिथे चेन तुटते म्हणून तोंडाशी काढायची. पलीकडे बाहेर पडलं की लगेच चंद्रा नदीवरचा पूल. पुलाला वरून वारा, खालून वारा, जमिनीची ऊब नाहीच. त्यामुळे तो बाकी रस्त्याआधी गोठतो. तो आम्ही जीव मुठीत धरून ओलांडला, पलीकडच्या सिस्सू गावात मॅगी खाल्ली, परत आलो. आणि बोगद्यातून अलीकडे आल्यावर चेन पुन्हा लावायचा कंटाळा केला. "रस्ता साफच दिसतोय," इति नवरा. मीही मान डोलावली.

चार वाजले होते. ऊन डोंगराआड गेलेलं. एका वळणावर रस्ता काळा, चकचकीत, पहिल्या पावसानंतरच्या हायवेसारखा. मला वाटलं ओला आहे. ओला असता तर पुढच्या गाडीच्या चाकांमागून पाणी उडालं असतं. उडत नव्हतं, म्हणजे तो बर्फाचा पातळ थर होता. हे मला नंतर सुचलं. तेव्हा सुचला तो ब्रेक, आणि त्याच्यासोबत क्लच. ऐरोलीच्या ट्रॅफिकमध्ये दिवसातून दोनशे वेळा दोन्ही पाय एकदम जातात, तसेच गेले. पायाखाली एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, खडखडलं आणि गाडी आपल्या मर्जीने निघाली. स्पीड जेमतेम पंचवीस. डोंगराच्या बाजूला लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. दरी दुसऱ्या बाजूला होती, एवढंच लिहिते.

मागचा टॅक्सीवाला मात्र बराच लांब थांबला होता. चालत आला, म्हणाला, "मॅडम, क्लच से पैर हटाओ." आमचे पायपुसणे चाकांखाली घातले, गाडी ढकलून काढली. पैसे घेतले नाहीत.

रात्री बाबांना फोन. "दोन्ही पाय दाबलेस ना? क्लच दाबलास की इंजिनाने गाडी सोडली, बाय. मग तिला धरणार कोण? खंडाळ्याला काय शिकवलं होतं? ज्या गिअरात चढतेस त्याच गिअरात उतर." मग थोडं थांबून, "बस चालवताना ब्रेक मी रस्ता बघून मारत नव्हतो. मागे साठ पॅसेंजर उभे असायचे. एकीच्या हातात पोर, एकाच्या हातात डबा. कोणाचा तोल जाता कामा नये, बस्स."

दुसऱ्या दिवशी मनालीच्या वरच्या सोलंगहून उतरताना मी साठ पॅसेंजर घेऊन उतरले. वर असतानाच पहिला गिअर टाकला, क्लचवरून पाय काढला तो काढलाच. वळणाआधी सरळ रस्त्यावरच स्पीड कमी करून घेतला, वळणात ना ब्रेक ना ॲक्सिलरेटर, स्टेअरिंग अगदी हळू. एकदा मागची बाजू जराशी सरकली. पाय जागेवर ठेवला, जायचं होतं तिकडेच बघत राहिले, गाडी आपोआप सरळ झाली. मागे दिल्लीची एसयूव्ही हॉर्न देत होती. तिला जाऊ दिलं. फोर बाय फोर निघायला मदत करतं, थांबायला नाही, हे त्याला कोणी सांगायचं?

पार्किंगचं तिथल्या हॉटेलच्या मुलाने शिकवलं. ओला हँडब्रेक रात्रीत गोठून बसतो, म्हणून तो लावायचाच नाही. गाडी गिअरमध्ये आणि चाकाखाली दगड. आमच्या बिल्डिंगमध्ये बरोब्बर उलटं. एकामागे एक गाड्या लागतात, म्हणून न्यूट्रलला ठेवायची, सकाळी ज्याला निघायचंय तो ढकलतो.

परत आलो त्या रात्री दोघंही मेल्यासारखे झोपलो. सकाळी सातला बेल. दुसऱ्या मजल्यावरचे काका, ऑफिसची बॅग खांद्याला.

"वहिनी, गाडी गिअरमध्ये आहे का? आणि चाकाखाली ही वीट कोणी ठेवली?"