दिवाडीचे तीन विद्यार्थी

गोव्यातल्या मिशनरी शिक्षणाचा विषय निघाला की बोलणे बहुधा दोनच वाटांनी जाते. एक वाट इन्क्विझिशनकडे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाकडे, आणि भाषाबंदीकडे वळते, तर दुसरी पाद्रींच्या शाळांमधल्या शिस्तीच्या आणि इंग्रजीच्या कौतुकाकडे. दोन्हींत तथ्य आहे. पण मला हा विषय एका बेटापुरता ठेवून पाहावासा वाटतो, कारण मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटाने सुमारे दोनशे वर्षांच्या काळात असे तीन विद्यार्थी दिले की या शिक्षणाने काय दिले आणि काय हातचे राखले, ते त्यांच्या चरित्रांतून स्वच्छ दिसते.

आरंभ सुखाचा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले, लिंग नदीपलीकडे डिचोली भागातल्या नार्वे गावी नेण्यात आले आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला. बेटावर पियेदादच्या टेकडीवर चर्चजवळ दफनभूमी आहे. तिच्यातल्या लहानशा प्रार्थनाघरात शिरून मान वर केली की कदंबकाळातले दगडी छत दिसते. त्यावरची नक्षी जुन्या देवळाची आहे आणि खाली क्रूस आहे. या बेटावरची मिशनरी शाळा अशाच मोडतोडीनंतर उभी राहिली.

शिक्षणाचा मोठा पसारा समोरच्या गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात होता. तिथे 1541 पासून सांता फे या नावाने सेमिनारीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेची, जुळवाजुळव सुरू झाली, पुढच्या वर्षी मिशनरी फ्रान्सिस झेवियर आले आणि काही वर्षांतच ती संस्था सेंट पॉल कॉलेज म्हणून जेझुइटांच्या, म्हणजे झेवियर यांच्याच कॅथलिक पाद्रीसंघाच्या, हाती गेली. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये याच कॉलेजात सुरू झाला. गावोगावच्या चर्चना जोडलेल्या शाळा मात्र साध्या होत्या. तिथे मेस्त नावाचा शिक्षक मुलांना प्रश्नोत्तरी, अक्षरओळख, थोडे गणित आणि मुख्य म्हणजे सोलफा, अर्थात स्वरलिपी शिकवत असे. रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गाणारी मुले हवीत, एवढाच या शिकवणीचा मूळ हेतू होता. त्या हेतूपलीकडे ती विद्या किती दूर गेली, हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातल्या गोवेकर वादकांनी पुढे दाखवून दिले.

पहिला विद्यार्थी मातेउस द कास्त्रो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिवाडीवरच्या नावेली गावात एका ब्राह्मण ख्रिस्ती घरात जन्मलेला हा मुलगा रेईश मागूशच्या, फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्रींनी चालवलेल्या कॉलेजात शिकला. लॅटिन आले, धर्मशास्त्राची गोडी लागली; पण धर्मगुरू होण्याची वेळ आली तेव्हा गोव्याच्या आर्चबिशपांनी स्थानिक ब्राह्मणाला दीक्षा देण्यास नकार दिला. म्हणजे मुलाला शिकवायचे, पण शिकलेल्या माणसाला पायरी चढू द्यायची नाही. कास्त्रो गप्प बसले नाहीत. लॅटिनच्या बळावर त्यांनी थेट रोम गाठले, तिथे दीक्षा घेतली आणि 1637 मध्ये ते बिशप झाले. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. त्यांना नेमले ते आदिलशाही मुलखासाठी, जिथे पोर्तुगीज राजाचा हुकूम चालत नव्हता. गोव्यातल्या सत्ताधाऱ्यांशी त्यांचे अखेरपर्यंत पटले नाही, आणि 1653 मध्ये गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना पोर्तुगीजांविरुद्ध उठण्याचे आवाहन करणारे पत्र त्यांनी लिहिले. ज्या लॅटिनने त्यांना आज्ञाधारक करायचे होते, तिनेच त्यांना लिस्बनला वळसा घालून रोमला जाण्याची वाट दिली, असे माझे मत आहे. त्यांच्या बंडात जातीचा अभिमानही पुरेपूर होता, हेही नजरेआड करू नये. या शिक्षणाने धर्म बदलला, जातीची उतरंड बरीचशी तशीच राहू दिली.

दुसरे जुझे आंतोनियो गोन्साल्विस, हेही दिवाडीचेच. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने जेझुइटांना 1759 मध्ये हद्दपार केल्यावर शिक्षणाची सूत्रे हलली. शेजारच्या चोडण बेटावरही सेमिनारी चालली आणि शिकलेल्या स्थानिक पाद्रींची संख्या वाढत गेली. वरच्या जागा मात्र युरोपियनांकडेच राहिल्या. गोन्साल्विस आणि त्यांचे सहकारी पाद्री बढतीच्या आशेने लिस्बनपर्यंत जाऊन हात हलवत परतले. पुढे 1787 मध्ये पोर्तुगीज सत्ता उलथवण्याचा पिंटोंचा कट उघडकीस आला, त्याच्या सूत्रधारांत गोन्साल्विस यांचे नाव होते. अटक झालेल्यांत पाद्रींचा भरणा मोठा होता, हे मला सर्वांत बोलके वाटते. (शाळेत हिंदू मुलांना आणि बहुतेक मुलींना स्थान नव्हतेच. 1606 मध्ये स्थापन झालेला सांता मोनिका मठ हा स्त्रियांसाठी होता, पण तो प्रामुख्याने पोर्तुगीज कुळांतल्या. हिंदूंना कायद्याने समान दर्जा मिळण्यासाठी 1910 उजाडावे लागले.)

क्रमाने मधला विद्यार्थी मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. जाकोम गोन्साल्विस यांचा जन्म दिवाडीवर 1676 मध्ये झाला. ते आठ वर्षांचे असताना, 1684 मध्ये, व्हाइसरॉयने फर्मान काढले की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. याच गोव्यात सत्तर वर्षांपूर्वी फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले होते, आणि त्यांनी लिहिलेले इथल्या भाषेचे व्याकरण 1640 मध्ये राशोलला छापून निघाले होते; जेझुइटांनी दोन-तीन पिढ्या खपून जमवलेले हे भाषाज्ञान त्या फर्मानाने अडगळीत टाकले. जाकोम जेझुइटांच्या कॉलेजात शिकले, पुढे जोझे वाझ यांनी घडवलेल्या गोवेकर पाद्रींच्या ओरेटरी मंडळात दाखल झाले आणि 1705 मध्ये लंकेला गेले. तिथे डचांनी कॅथलिक पंथावर बंदी घातली होती, त्यामुळे पोर्तुगीजांचे नाव घेऊन काम करणे अशक्यच होते. त्यांनी तमिळ आत्मसात केली, कँडीच्या राजाश्रयाने सिंहलीवर प्रभुत्व मिळवले आणि 1742 मध्ये मृत्यू येईपर्यंत दोन्ही भाषांत प्रवचने, पुराणे, शब्दकोश असे लेखन केले. सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून लंकेत त्यांचे नाव घेतले जाते, आणि ख्रिस्ताच्या दुःखभोगावर त्यांनी रचलेले विलाप तिथले भाविक उपासाच्या दिवसांत अजूनही गातात. घरच्या भाषेवर बंदी आलेल्या बेटावरून गेलेल्या या माणसाने दुसऱ्या बेटावर त्या लोकांच्याच भाषेला हात घातला. गोव्यात मात्र शाळेत कोणती भाषा असावी, हा वाद मुक्तीनंतरही मिटलेला नाही.