काट्यावर तोलून गॅस: एसी मेकॅनिकच्या सर्टिफिकेटचा माझा अनुभव

नागपुरात एसीचं काम करणाऱ्याने ट्रेनिंगला जायचं तर पावसाळ्यातच. मार्च ते जून फोन खाली ठेवता येत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक लोकांची आरपीएलची बॅच लागतेय, असं पार्टच्या दुकानात कळलं आणि नाव देऊन टाकलं. काम आधीपासून येतं पण कागद नाही, अशांसाठी केंद्राच्या कौशल्य योजनेतली ही सोय. थोडं शिकवतात, मग परीक्षा. आधार, पासबुक, फोटो, ओटीपी, फी नाही.

गरज का वाटली? मी कामाला लागलो तेव्हा घरगुती एसीत आर-२२ हाच गॅस. मग ४१०ए आला, आता नव्या मशीनमध्ये बहुतेक ३२ असतो. २२ ओझोनचा थर खातो, म्हणून १ जानेवारी २०२५ पासून आपल्या देशात तो वापरून नवे एसी बनवणं बंद झालं. जुन्यांच्या सर्व्हिसिंगला तो अजून मिळतो. ३२ ओझोनला हात लावत नाही, पण वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. किगालीच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे २०२८ पासून अशा गॅसवर भारतात मर्यादा येणार आणि २०३२ पासून कपात. म्हणजे हाही कायमचा नाहीच.

वर्गात सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "गॅस पुरे झाला हे कशावरून ओळखता?" कुणी म्हणालं सक्शनच्या पाईपला प्रेशर ६० आलं की, कुणी पाईपला घाम सुटला की, कुणी अँपिअर बघून. २२ च्या मशीनवर ही सगळी उत्तरं चालून जायची. ३२ चं प्रेशर दीडपटीहून जास्त. त्यात इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर आपला वेग आपणच बदलतो, त्यामुळे गेज आणि मीटर एका जागी थांबतच नाहीत. सरांचं उत्तर: लाईन, म्हणजे गॅसचे पाईप, पूर्ण रिकामी करायची, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा आणि मशीनच्या नेमप्लेटवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम आत सोडायचे.

सर्वात जास्त वेळ गेला व्हॅक्युममध्ये, म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने लाईनमधली हवा आणि ओल खेचून काढण्यात. आमच्या धंद्यात गॅसचाच एक फवारा मारून लाईनमधली हवा हाकलायची पद्धत रुळलेली. ३२ ला ते चालत नाही. तो थोडा का होईना पेट घेणारा, शिवाय त्याच्यासोबतचं ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. ओल आत राहिली की आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगची वाट लागते. हा व्हॅक्युम मोजणारं मायक्रॉन गेज आमच्यातल्या कित्येकांनी तिथेच पहिल्यांदा हातात घेतलं. आकडा ५०० च्या खाली आणायचा, पंपाकडची वाट बंद करायची आणि नुसतं बघत बसायचं. आकडा थोडा चढून थांबला तर ओल, चढतच राहिला तर लीक. बाहेर नागपूरचा पाऊस, लाईन रात्रभर उघडी. चहा पिऊन आलो तरी आकडा हजाराच्या आसपासच रेंगाळत होता. मला तर हाच भाग सगळ्यात आवडला. हे यंत्र खोटं बोलत नाही.

आर-२९० या गॅसच्या वेळी मात्र वर्ग गप्प झाला. तो म्हणजे प्रोपेन. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास घातलेला असतो, यात नसतो. आणि हवेपेक्षा जड म्हणून तो खाली साचतो. सरांनी डिटेक्टर टेबलावर धरला तर गप्प, फरशीजवळ नेताच वाजायला लागला. अशा मशीनचा जोड टॉर्चने सोडवायचा नाही. गॅस मोकळ्या हवेत काढायचा, नायट्रोजन फिरवायचा, मग पाईप कटरने कापायचा.

परीक्षेत टॅबवर प्रश्न आणि नंतर प्रात्यक्षिक. बॅचमधल्या एका वयस्कर काकांना टॅबचीच धडकी भरली होती. प्रात्यक्षिकात त्यांनी केलेला फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेलं पाईपचं तोंड, परीक्षकाने चष्मा वर करून दोनदा पाहिला. ते पास झाले, मीही झालो.

सर्टिफिकेट फुकट मिळालं, पण पंप, मायक्रॉन गेज, काटा, टॉर्क रेंच हे सगळं खिशातून. गिऱ्हाईक विचारतं, "दुसरा अर्ध्या तासात गॅस भरून जातो, तुम्हाला एवढा वेळ का?" कुणी सांगतं, "भाऊ, जुन्या मशीनमध्ये ३२ भरून द्या ना, २२ महाग झालाय." त्याला मी साफ नाही म्हणतो. कॉम्प्रेसर त्या प्रेशरसाठी बनलेला नाही, ऑइल वेगळं, आणि आतल्या वायरिंगची ठिणगी पेटत्या गॅसचा विचार करून रोखलेली नाही. कॉइल कुजली असेल तर नवीन घ्या म्हणतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे हे सांगणं जरा सोपं झालंय. फक्त स्टारचं लेबल कोणत्या वर्षाचं ते बघा. जानेवारी २०२६ पासून निकष कडक झालेत, आधीचं पाच स्टार आता चारमध्ये बसतं.

बिलात आता नायट्रोजन टेस्ट, व्हॅक्युम आणि गॅसचे ग्रॅम वेगवेगळे लिहितो. काही जण वाचून मुकाट पैसे देतात. काही जण ग्रॅमवरूनही घासाघीस करतात.