बेबी नंदा

आज दुपारी लाईट होती, कामं आटपली होती म्हणून आईसोबत यूट्यूबवर इत्तेफाक हा रहस्यपट बघितला, १९६९ चा, एकही गाणं नाही, आणि त्यात नंदा!! मला नंदा म्हणजे राखीचं गाणं आणि डोळ्यात पाणी एवढंच माहीत. इथे तिच्यावर संशय घ्यावा लागतो राव, आणि आपण घेतोही.

आई म्हणाली अगं ती आपल्या मास्टर विनायकांची, जुन्या नट-दिग्दर्शकांची, मुलगी. विनायक १९४७ ला गेले तेव्हा ही सात-आठ वर्षांची, आणि पुढच्याच वर्षी मंदिर सिनेमात बेबी नंदा म्हणून पडद्यावर. ज्या वयात आम्ही गृहपाठ टाळायला पोटात दुखतंय सांगायचो त्या वयात ही घर चालवायला मेकअप करून उभी. मग शांताराम बापूंनी, म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी, तूफान और दिया मध्ये घेतलं (नात्यातलेच ते), १९५९ ला छोटी बहन आला, आणि झालं, इंडस्ट्रीने बहीण करून टाकलं तिला. सोज्वळ चेहरा दिसला की द्या राखी हातात, हा आळशीपणाच वाटतो मला.

पण बाई सुटली त्यातून. शशी कपूर नवखा होता, त्याच्यासोबत काम करायला मोठ्या हिरॉईन तयार नसायच्या तेव्हा हिने सिनेमे साईन केले, आणि १९६५ ला जब जब फूल खिले काय चालला!

आता तिचाच गुमनाम लावायचाय, तोही रहस्यपट, आई म्हणते रात्री नको 😄