इंद्रलाल रॉय: डोळ्यात नापास झालेला पोट्टा

डोळे कमजोर म्हणून ज्याले ब्रिटिश विमानदलानं आधी घरी पाठवलं, त्याच पोट्ट्यानं पुढे पहिल्या महायुद्धात, 1918 च्या जुलैत, 14 दिवसांत जर्मनांची 10 विमानं पाडली. इंद्रलाल रॉय. जन्म कलकत्त्याचा, 2 डिसेंबर 1898, शिक्षण लंडनमधे. नजरेवरून अडवलं तर म्हणे यानं मोटरसायकल विकली अन् त्या पैशात बड्या डोळ्याच्या डॉक्टरकडून दुसरा रिपोर्ट आणला. मले हाच किस्सा जास्त भारी वाटते, कारण आमच्या गावचा एक पोट्टा एनडीएची तयारी करून राहिला अन् चष्मा लागल्यापासून तोंड पाडून बसला आहे, त्याची माय त्याले रोज गाजरं खाऊ घालते.

बरं पास झाला म्हणजे लगेच हिरो झाला असंबी नाही. ऑक्टोबर 1917 मधे 56 स्क्वॉड्रनमधे, म्हणजे विमानांच्या तुकडीत, गेला अन् डिसेंबरात विमान आपटलं. मेला समजून मुडदाघरात टाकला होता अन् यानं आतून दार ठोकलं असं सांगतात, खरं-खोटं देव जाणे, पण जखमी होऊन पडला होता हे पक्कं. तेव्हा विमानांची चित्रं काढत बसायचा. अनफिट ठरवलं तरी साहेबांचं डोकं खाऊन खाऊन जूनमधे 40 स्क्वॉड्रनमधे पोचलाच, तिथं कॅप्टन जॉर्ज मॅकएलरॉय या पट्टीच्या पायलटच्या हाताखाली गडी तयार झाला. 6 जुलैले पहिलं विमान, 8 ले चार तासांत 3, 19 ले दहावं.

आता 10 म्हणजे दहाही जमिनीवर फुटली असं नाही, 5 नष्ट अन् 5 ताबा सुटून खाली गेलेली, त्या काळी तेही धरायचे. याचं विमान एस.ई.5ए, एक गन समोर, पंख्याच्या पात्यांमधून बरोबर टायमिंगनं गोळ्या सोडणारी, अन् दुसरी लुइस गन वरच्या पंखावर. तिचा डबा रिकामा झाला की उडता उडता गन रुळावरून खाली ओढायची, डबा बदलायचा, परत वर ढकलायची, अन् तेवढ्यात मागून कोणी येऊन तर नाही राहिलं हेबी पाहायचं. वय 19!

22 जुलैले फ्रान्समधे कारव्हँच्या वर जर्मनांच्या फोकर डी-7 विमानांशी गाठ पडली अन् याचं विमान पेटलं. ब्रिटिशांनी आपल्या फायटर पायलटले पॅराशूट दिलंच नव्हतं, जर्मनांकडे मात्र त्याच वर्षी यायले लागलं होतं. काहून नाही दिलं? मास्क-हातमोजे न देता मजुराले कपाशीवर फवारणीले धाडणारा मालक अन् हे साहेब, मले तर एकाच माळेचे मणी वाटतात.

सप्टेंबरात डीएफसी हे ब्रिटिशांचं शौर्यपदक मिळालं, मेल्यावर. त्याचा भाऊ परेशलाल पुढे भारतीय बॉक्सिंगचा जनक म्हणून गाजला, त्याच्यावर लिहितो कधीतरी, आत्ता लाइट जायच्या आत हे टाकून देतो.