घट्ट चालत नाही, काका

आईच्या आजाराचं नाव मला अजून एका दमात घेता येत नाही. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, म्हणजे आतड्यात माजून जुलाब लावणारा जंतू. डॉक्टर नुसतं 'सी-डिफ' म्हणतात. आई आता बरी आहे, भाकरी-आमटी खाते, माझ्यावर ओरडते. पण विजापूर रोडवरच्या त्या सॅम्पल घेणाऱ्या सेंटरसमोरून गाडी नेताना माझं डोकं अजून तापतं, म्हणून हे लिहून काढतोय.

सुरुवात दाढेपासून झाली. एप्रिलमध्ये दाढ सुजली, क्लिंडामायसिनचा सात दिवसांचा कोर्स झाला, सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी. दाढ बसली. आठवड्याभराने जुलाब सुरू झाले, दिवसाला दहा-बारा वेळा. आंबा, लग्नातलं जेवण, टँकरचं पाणी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दाढेच्या गोळीवर कुणीच घेतला नाही. मी मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून दिली, ती माझी चूक. अँटिबायोटिकनंतर जुलाब लागले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी देऊ नका. आतलं विष आतच कोंडलं जातं.

पोटाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का?" दाढेचा कागद मी खिशातच ठेवला होता, तेवढं एक बरं झालं. मग त्यांनी समजावलं. आपल्या अंगात अंदाजे 38 लाख कोटी जंतू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यातले काही पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतात आणि बदललेल्या त्या आम्लात सी-डिफ वाढू शकत नाही. अँटिबायोटिकने हे राखणदारच मेले तर मूळची आम्लं तशीच राहतात, आणि सी-डिफचं सुप्त बी नेमकं त्यांच्यावरच रुजतं. पीक जाळलं आणि तण माजलं, असा प्रकार. पण अँटिबायोटिकनंतरचा प्रत्येक जुलाब सी-डिफचा नसतो, म्हणून संडासची तपासणी. चिठ्ठीवर लिहिलं होतं : जीडीएच आणि टॉक्सिन. पहिल्यात जंतू आहे का ते कळतं, दुसऱ्यात त्याचं विष आहे का ते.

एवढ्या एका तपासणीला नऊ दिवस गेले.

पहिली डबी मी सोमवारी सकाळी आठ वाजता दिली. काउंटरवरच्या पोराने ती खिडकीजवळच्या ट्रेमध्ये ठेवली. मे महिना, सोलापूर, बाहेर त्रेचाळीस डिग्री. मी विचारलं, फ्रिजमध्ये नाही ठेवत? "गाडी येतीच की काका." गाडी संध्याकाळी सातला यायची, हे मला चौथ्या दिवशी कळलं. ते विष उष्णतेत टिकत नाही. डबी दोन ते आठ डिग्रीत राहायला हवी, नाहीतर रोग असून रिपोर्टमध्ये दिसत नाही. बुधवारी मेसेज आला : नमुना तपासणीयोग्य नाही. कारण नाही. पावतीवर तारीख होती, वेळ नव्हती. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. सुताचं एक पोतं आत आलं तरी आवक वहीत वेळ पडते. माणसाच्या पोटातून आलेल्या डबीला ती नाही.

दुसरी डबी त्याच दिवशी दिली, यावेळी बर्फाच्या पिशवीत. शुक्रवारी रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. मी पेढे आणायचाच बाकी होतो. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. "अहो, ही स्टूल कल्चर आहे, संडासातले जंतू वाढवून बघायची तपासणी. मी हे लिहिलंच नव्हतं." कॉम्प्युटरवर 'स्टूल' टाइप केल्यावर जे पहिलं नाव आलं, त्यावर पोराने क्लिक केलं होतं. साध्या कल्चरमध्ये सी-डिफ सापडत नाही. हवेत मरणारा जंतू तो, त्याच्या नावातलं 'डिफिसिल' हे वाढवायला अवघड म्हणूनच पडलंय. तेव्हा पावती हातात आली की तपासणीचं नाव चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. मी पावतीवर फक्त पैसे बघितले होते.

तिसऱ्या वेळी मी भांडायच्या तयारीनेच गेलो. पोराने डबी उजेडात धरली, हलवली आणि परत केली. "घट्ट चालत नाही, काका." मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी आल्यावर कळलं, मावशीने मायेपोटी तीच थांबवायची गोळी आदल्या रात्री दिली होती. आणि पोराचं म्हणणं बरोबर होतं. डबीचा आकार घेईल इतकं पातळ असेल तरच ही तपासणी करतात, कारण धडधाकट माणसाच्या पोटातही सी-डिफ गुपचूप राहू शकतो. दोन वेळा चिडायला हवं होतं तेव्हा मी गप्प बसलो, आणि तो बरोबर होता तेव्हा आवाज चढवला.

आईला तोवर एक दिवस सलाइन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, उद्या रात्रीपर्यंत रिपोर्ट आला नाही तर मी औषध सुरू करणार. मी पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या पुण्याच्या मुख्य लॅबच्या नंबरवर फोन लावला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सकाळची डबी बर्फात घालून थेट आणा, संध्याकाळी रिपोर्ट देते."

पहाटे पाचला आईने हाक मारली. डबी, तिच्यावर दोन पिशव्या, मग बर्फ भरलेला मोठ्या तोंडाचा थर्मास. पुण्याला जाणारी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. कुर्डुवाडीला शेजारच्या आजोबांनी शेंगाचटणी-भाकरीचा डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली आणि मांडीवरच्या थर्मासकडे बघत म्हणाले, "तुमच्यात काय ताक हाय का?" मी म्हटलं, औषध आहे. भाकरी मात्र घेतली नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. दोन्ही पॉझिटिव्ह. रोग निघाला म्हणून आनंद झालेला माणूस त्या दिवशी पुण्यात मी एकटाच असेन.

पुढचं सरळ झालं. व्हँकोमायसिन, दहा दिवस, दिवसातून चार वेळा, आणि तेही प्यायचं. इंजेक्शनची बाटली मिळाली तेव्हा मेडिकलवाला हसला, पण शिरेतून दिलेलं हे औषध आतड्याच्या पोकळीत पोचत नाही. बाटली पाण्यात विरघळवून चार भाग कसे करायचे ते सिस्टरने दाखवलं. आईने तोंड वेडंवाकडं करत घेतलं. चौथ्या दिवसापासून फरक.

एक राहिलंच. सॅनिटायझरने या जंतूचं बी मरत नाही, हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात हे सांगायला सोपं. आम्ही संडासाशेजारी हात धुण्यासाठी वेगळं पिंप ठेवलं आणि फरशीला ब्लीचिंग. आणि बरं वाटल्यावर 'गेला का बघू' म्हणून परत तपासणी करू नका, बरं झाल्यावरही ती बरेच दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. भाच्याने मोबाइलवर पोटातल्या सगळ्या जंतूंची यादी देणारी महागडी तपासणी दाखवली होती. डॉक्टर म्हणाले, त्या यादीवरून मी एक गोळीही बदलणार नाही.

जूनमध्ये पुन्हा जुलाब लागले. पाच-सहा जणांत एकाला तरी तो उलटतोच म्हणे. यावेळी डबी थेट पुण्याला गेली. व्हँकोमायसिन हळूहळू कमी करत कित्येक आठवडे चाललं. तेव्हाच डॉक्टरांनी सांगून ठेवलं, पुन्हापुन्हा उलटला तर निरोगी माणसाच्या संडासातले जंतू आतड्यात सोडतात. मला चेष्टाच वाटली. पण 2013 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी याची रीतसर तुलना छापली आहे : हा उपाय केलेल्या 16 जणांपैकी 13 पहिल्याच वेळी बरे झाले, नुसत्या व्हँकोमायसिनवर 13 पैकी 4. अमेरिकेत 2023 पासून त्याची कॅप्सूलही मंजूर आहे. देणाऱ्याची कडक तपासणी लागते. ती नीट न झाल्याने तिकडे एक रुग्ण दगावलाही, त्यामुळे घरी उद्योग करायचा विषय नाही.

आईला मी हे जपून, आडवळणाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "कुणाची देणारायत, ते आधी विचारून ये. आणि ती डबी त्या पोराकडं देऊ नगंस."