१०३ च्या वर गेलेला आकडा

मँगनीज आर्सेनाइड या चुंबकी पदार्थाला चुंबकी क्षेत्र लावल्यावर त्याच्या एन्ट्रॉपीत, म्हणजे आतल्या अव्यवस्थेत, होणाऱ्या बदलाचा आलेख त्या संध्याकाळी संगणकावर उमटला, तेव्हा ३१६ केल्विनपाशी सुळक्यासारखे एक टोक दिसले आणि त्याचा आकडा १४० च्याही पुढे गेलेला होता, म्हणजे दर किलोग्रॅमला, दर केल्विनला तितके ज्यूल. ५ टेस्ला इतक्या चुंबकी क्षेत्रात हा बदल साधारण ३० असतो, हे मला ठाऊक होते. तरीही काहीतरी मोठे हाती लागले, असे वाटलेच.

सरांनी आलेखाकडे पाहिलेही नाही. "मँगनीजच्या स्पिनमधून जास्तीत जास्त किती मिळेल?" एवढेच त्यांनी विचारले. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनांचा तो गुणधर्म, ज्यातून अणूला चुंबकत्व येते. स्पिन २ धरून, वायू स्थिरांकाला ५ च्या नैसर्गिक लॉगरिदमने गुणल्यावर दर मोलला १३.४ आणि दर किलोग्रॅमला १०३ आले. उरलेले स्फटिकजालकाचे, म्हणजे अणूंच्या मांडणीचे, असेल, असे मी म्हणाले, आणि ते अगदीच निराधार नव्हते, कारण हा पदार्थ तापवताना लोहचुंबकी अवस्था, म्हणजे सगळे स्पिन एका दिशेने असलेली अवस्था, सोडतो तेव्हा प्रसरण न पावता सुमारे २ टक्क्यांनी आकसतो. चुंबकत्व आणि आकारमान यांच्या याच नात्यावर बीन आणि रॉडबेल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये अशा अवस्थाबदलाचे आपले प्रारूप उभे केले होते.

"असेलही," सर म्हणाले, "पण दोन मोजमापांच्या मध्ये नमुना कुठपर्यंत तापवलास?"

मी तो तापवलाच नव्हता. दर २ केल्विनला क्षेत्र वाढवायचे, शून्यावर आणायचे आणि पुढच्या तापमानाला जायचे, असे चालले होते. आधीच्या क्षेत्राने लोहचुंबकी झालेला नमुना ३१६ वर शून्य क्षेत्रातच अर्धवट बदललेला होता. दोन अवस्था शेजारी-शेजारी नांदत होत्या आणि चुंबकत्व तापमानाबरोबर कसे बदलते यावरून एन्ट्रॉपी काढणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणाने त्यांच्या प्रमाणातला फरकही एन्ट्रॉपीच्या खात्यात जमा केला होता.

मग प्रत्येक मोजमापाआधी नमुना शून्य क्षेत्रात पूर्ण समचुंबकी, म्हणजे स्पिन विस्कळीत झालेला, होईपर्यंत तापवून, पुन्हा हव्या तापमानापर्यंत थंड करून सगळे नव्याने मोजले. त्याला चार दिवस लागले. सुळका गेला आणि ३० च्या आसपासचे एक बसके पठार उरले. या अवस्थाबदलाचे तापमान क्षेत्राबरोबर किती सरकते, यावरून क्लाउसियस-क्लेपेरॉन समीकरणाने ताळा केला, तोही तिथेच जुळला.

पाचव्या दिवशी हातमोजे घालून कॅप्सूल उघडली. आत ठेवलेला एकसंध तुकडा तीन ठिकाणी फुटला होता आणि तळाशी राखाडी भुकटी साचली होती.