बायकोचा नियम आणि मार्गशीर्षातला बोंबील

मुंबईला निघताना म्युनिकच्या विमानतळावरच मुक्ताने नियम घातला: जिथे तू आधी खाल्लंयस, तिथे या वेळी जायचं नाही.

मी मुलुंडचा, ती नागपूरची. लग्नाला सहा वर्षं झाली. दर वेळी मुंबईत आलो की मी तिला त्याच तीन हॉटेलांत नेतो, तेच पदार्थ मागवतो आणि 'पूर्वी याहून छान असायचं' म्हणतो. तिला हॉटेलांपेक्षा या वाक्याचा जास्त वैताग आला होता. यादी करायला बसलो तेव्हा लक्षात आलं, पंचवीस वर्षं मुंबईत काढून मी खाल्लंय अगदीच थोडं. ब्रिटानिया नाही, रामा नायक नाही. आमच्याकडे हॉटेलात जायचं म्हणजे कुणाचा तरी निकाल लागायला हवा.

खरी अडचण आईची होती. आम्ही बारा दिवस राहणार, म्हणून तिने कालनिर्णयच्या चौकोनांत रोजचा बेत आधीच लिहून ठेवलेला. बाहेर जेवतो म्हटल्यावर, "घरी काय कमी आहे?" माहेरी किंवा सासरी उतरणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागणार, म्हणून आमचा तह सांगून ठेवतो. रात्रीचं जेवण घरी. बाहेरचं जे काही, ते सकाळचा नाश्ता किंवा दुपारी. रात्र फक्त एकच मागून घ्यायची. आणि घरी जे होतं ते बाहेर खायचंच नाही. हॉटेलातली पुरणपोळी आवडली असं चुकून बोललात तर पुढचे दोन दिवस वरण-भात.

पहिल्यांदा ब्रिटानिया. बॅलार्ड इस्टेटमधलं हे इराणी हॉटेल १९२३ सालचं. सीएसएमटीला उतरून पंधराएक मिनिटं चालत. पश्चिम उपनगरात राहत असाल तर मेट्रो ३ धरा. ऑक्टोबर २०२५ पासून ती आरेपासून थेट कफ परेडपर्यंत जाते आणि सीएसएमटीलाही थांबते. हॉटेल दुपारचंच चालतं, रविवारी बंद. आम्ही बाराच्या आधी पोचलो म्हणून लगेच टेबल मिळालं. साडेबाराला ऑफिसांची गर्दी दारात उभी होती.

बेरी पुलाव मागवायला इथे येतात, आम्हीही तोच मागवला. त्यातली बेरी म्हणजे झरेश्क, इराणची. लाल, बारीक, आंबट. दाताखाली आली की मटणाचा आणि तळलेल्या कांद्याचा जडपणा मोडतो. नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांशी गप्पा मारणारे बोमन कोहिनूर २०१९ मध्ये गेले. मी तेव्हा मुंबईत असूनही कधी गेलो नाही, ही चुटपुट लागून राहिली. एक पुलाव आणि एक साली बोटी (पारशी पद्धतीचं मटण) दोघांना भरपूर होते. शेवटी कॅरामल कस्टर्ड सोडू नका. मुक्ताचा निकाल: "तिखट नाहीये, पण चालेल." नागपूरकडून हे म्हणजे जवळजवळ पदकच.

दुसरा बेत दादरचा, आणि त्यात आम्ही फसलो. मालवणी जेवायला चैतन्यला जायचं ठरलं, वार ठरला गुरुवार. महिना मार्गशीर्ष! आमच्या घरी या महिन्यातल्या गुरुवारी घट बसतो, सवाष्ण जेवते, मासळी शब्दही उच्चारत नाहीत. मला वार लक्षात आला तो ट्रेन घाटकोपर सोडून निघाल्यावर. परत फिरायचं का, असं मी विचारलं. मुक्ता म्हणाली, "घट तुझ्या आईने मांडलाय, मी नाही." गेलो. एरवी रांग असते म्हणतात, त्या दिवशी आत निम्मी टेबलं रिकामी. पाप-पुण्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा, पण ज्यांच्याकडे पाळत नाहीत त्यांनी मार्गशीर्षातल्या गुरुवारी दुपारी मालवणी हॉटेल गाठून बघावं.

मुक्ताला काट्यांची भीती. सावजी मटणावर वाढलेली मुलगी, तिला सुरमईच्या तुकडीशीही दहा मिनिटं वाटाघाटी कराव्या लागतात. म्हणून बोंबील. ओल्या बोंबलात पाणीच पाणी असतं. तो चिरून, वजनाखाली दाबून पाणी काढतात, मग मसाला आणि रवा लावून तळतात. बाहेरून कुरकुरीत, आत नुसतं लोणी, आणि मधला काटा इतका मऊ की चावून खाता येतो. माशांपासून लांब पळणाऱ्या घाटावरच्या जोडीदाराला समुद्राशी ओळख करून द्यायची असेल तर सुरुवात इथून करा, पापलेटने नको. तिने तीन खाल्ले, मग कोंबडी-वडे घेतले. कोंबडीच्या रश्श्याला "खोबरं फार" असा शेरा मिळाला. दिवस मात्र बघून या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात येणार असाल तर मासे पुढच्या खेपेला ठेवा.

घरी जाताना लिंबू चोळून हात धुतले, बडीशेप खाल्ली. आईने दार उघडलं आणि माझ्या शर्टाकडे बघितलं. सोलकढीचा गुलाबी डाग खिशापाशीच होता. ती काही बोलली नाही. प्रसादाचा द्रोण मात्र एकट्या मुक्तालाच मिळाला. तिने जास्त बोंबील खाल्ले होते, हे मी सांगितलं नाही.

मागून घेतलेली रात्र लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या नव्या झकपक हॉटेलात घालवली. नाव लिहीत नाही. माझे आजोबा गिरणी कामगार. १९८२ च्या संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. तशाच एका फाटकातून आत शिरताना आता गाडी पार्क करून देणारा माणूस सलाम करतो, आणि आपण तर स्टेशनवरून चालत आलेलो. पदार्थ वाईट नव्हते. पण थाळीएवढ्या बशीत चार घास, आणि प्रत्येक घासाची गोष्ट सांगायला वेटर उभा. बिलात दहा टक्के सेवाशुल्क न विचारता लावलेलं. हे लक्षात ठेवा: सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. काढून टाका म्हणालो. मॅनेजरने थोडं तोंड वाकडं केलं, पण काढलं. नाही काढलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीएसटी द्यावाच लागतो, तो वेगळा. अकराला दादर स्टेशनबाहेर उभं राहून दोघांनी एकेक वडापाव खाल्ला.

पैशांचंही सांगतो. छोट्या ठिकाणी परदेशी कार्ड चालेल असं धरून जाऊ नका. मी जुना भारतीय नंबर चालू ठेवलाय म्हणून यूपीआय चाललं. नसेल तर खिशात सुटे हवेत, पाचशेची नोट काढली की गल्ल्यावरचा माणूस आपल्याकडे बघतो. आणि ट्रेनमध्ये तो जेंट्समध्ये, ती लेडीजमध्ये असं चढणार असाल तर उतरल्यावर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. आम्ही इंडिकेटरखाली ठरवलं होतं. दादरला इंडिकेटर किती आहेत, हे तेव्हा मोजलं नव्हतं.

शेवटच्या रविवारी माटुंगा, आणि या वेळी आई-बाबाही. बाबांनी सकाळीच पेपर दाखवला: माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक, नेमका धीम्या मार्गावर. मुंबई सोडून गेलेला माणूस सगळं विसरतो त्यात हेही विसरतो. माटुंग्याला फास्ट गाड्या थांबत नाहीत, म्हणून ब्लॉक अकराला सुरू व्हायच्या आत पोचायला हवं. नवाची स्लो पकडली. आधी स्टेशनजवळच्या राम आश्रयमध्ये रसम-वडा आणि अननसाचा शिरा, अनोळखी माणसांसोबत एकाच टेबलावर, कोपराला कोपर लावून. कॉफी वाटी-पेल्यातून. मग वेळ काढायला फूलबाजारात फेरी, आणि जेवायला रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं, पहिल्या मजल्यावर. टोकन घेऊन बाकावर बसायचं. वाढपी भरभर वाढतात, पान पुरे झालं की तसं स्पष्ट सांगायचं, नुसती मान हलवून भागत नाही. सोमवारी जाऊ नका, माटुंग्यातली बरीच जुनी ठिकाणं त्या दिवशी बंद असतात.

केळीच्या पानावर आईने पहिले दोन घास तपासणीसारखे खाल्ले. मग वाढप्याला थांबवून रसम मागितलं. थोड्या वेळाने पुन्हा. बाबा माझ्याकडे बघत होते, मी पानाकडे. परतीची गाडी ब्लॉकमुळे अर्धा तास रखडली, आई खिडकीशी डोळे मिटून बसली होती. घरी पोचल्यावर ती कालनिर्णयसमोर उभी राहिली. त्या चौकोनात 'भरली वांगी, भाकरी' लिहिलं होतं.

"संध्याकाळी कुणाला भूक नसणार," ती म्हणाली. "मुगाची खिचडी टाकते."